नागपूरमार्गे सिंगापूर

सुदेश पेडणेकर आयुष्यात एकशे त्रेचाळीस वेळा विमानात बसला होता आणि त्याची बायको रसिका एकदाही नाही. हा हिशोब रसिकाने मांडलेला नव्हता. सुदेशच तो पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवायचा, आणि त्यातला दुसरा अर्धा भाग सांगताना त्याला काही वावगं वाटायचं नाही.

डोंबिवलीत मानपाड्याला त्यांचं घर. तिथल्याच एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कंपनीत सुदेश विक्रीचं काम बघायचा. आज अहमदाबाद, परवा इंदूर, पुढच्या आठवड्यात कोलकाता. तिकीट कंपनीचं, हॉटेल कंपनीचं, पण प्रवासाचे मैल, जे साठवले की पुढे फुकट तिकीट मिळतं, ते मात्र सुदेशचे स्वतःचे. त्या विमान कंपनीने त्याला एक सोनेरी कार्ड दिलं होतं आणि दरवर्षी वाढदिवसाला 'प्रिय सुदेश' म्हणून मेल यायचा. त्याच्या सख्ख्या भावाला तारीख आठवायची नाही, पण कंपनी विसरायची नाही. सुदेशला याचं फार कौतुक. आता मशीनने धाडलेल्या मेलमध्ये माया शोधणाऱ्या माणसाला काय सांगणार?

मैल साठवायचे ते दोघांसाठी, हे अकरा वर्षांपूर्वीच ठरलेलं. "एकदाच जायचं," सुदेश म्हणायचा, "पण बिझनेस क्लासने. तू आणि मी, शेजारी शेजारी." रसिकाला तेव्हा ऐकून खरंच बरं वाटलं होतं. ती ठाण्याला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होती, दिवसभर परीक्षेचे फॉर्म आणि दाखले हाताळायची, आणि डबा खाताना मैत्रिणींना सांगायची, आम्ही जाणार आहोत.

जाणं काही होईना. भावाच्या मुलाचं लग्न बंगळुरूला होतं तेव्हा सुदेश म्हणाला, असल्या आखूड मार्गावर मैल जाळायचे नसतात, आणि दोघं रात्रभर बसमधून गेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा केरळला जायचं ठरलं, तर नेमक्या त्या तारखांना मैलांवर तिकीट मिळत नव्हतं. लग्न भलत्याच महिन्यात केल्याबद्दल सुदेशने जवळजवळ दिलगिरी व्यक्त केली. रसिका तेव्हा हसली होती. पुढेपुढे तिने डब्याच्या वेळी हा विषय काढणं सोडून दिलं.

मग त्यांच्या मुलीला, ऋतिकाला, दिवस गेले. ऋतिका आणि जावई सुशांत सिंगापूरला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला रजा मिळेना आणि पुढे डॉक्टर प्रवासाला नको म्हणाले. तेव्हा माहेरानेच उठून सिंगापूरला जायचं ठरलं. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती महिन्याची वीस. रसिकाने कॉलेजात रजा टाकली, डिंकाचे लाडू वळले, अळीव निवडून बरणीत भरले, आणि जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवायला घेतली. तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. पोरीला कळा सुरू होतील तेव्हा आपला हात तिच्या हातात असला पाहिजे. ऋतिकाच्या वेळी रसिकाची आई गावाहून यायला दोन दिवस उशीर झाला होता, आणि ते दोन दिवस रसिका अजून विसरली नव्हती.

"तिकिटाची काळजी तू करायची नाहीस," सुदेश म्हणाला. "हाच तो दिवस. यासाठीच तर साठवले."

तीन रात्री तो लॅपटॉपला चिकटून बसला. चौथ्या दिवशी सकाळी त्याने चहाचा कप बाजूला सारला आणि घोषणा केली.

"मिळालं! बिझनेस क्लास, दोघांना. नागपूरहून."

"नागपूरहून?" रसिकाला वाटलं आपण काहीतरी गाळलं. "आपण डोंबिवलीत राहतो."

"अगं, हीच तर गंमत आहे. मुंबई ते सिंगापूरला जितके मैल लागतात, त्याच्या निम्मे नागपूर ते सिंगापूरला लागतात. तिकडून प्रवासी कमी म्हणून त्यांनी स्वस्त ठेवलंय. सामान्य माणसाला हे कळत नाही."

"आणि नागपूरहून विमान जातं कुठून?"

"मुंबईवरूनच."

रसिकाने हातातलं दुपटं खाली ठेवलं. म्हणजे सोमवारी ट्रेनने नागपूरला जायचं, मंगळवारी तिथून विमानाने मुंबईला यायचं, आणि मग त्याच मुंबईहून सिंगापूरला निघायचं. "मग आपण सरळ मुंबईलाच बसू या ना. नागपूरचं तिकीट तसंच राहू दे."

सुदेशने तिच्याकडे अशा करुणेने बघितलं, जणू ती पहिलीच्या वर्गातली पोर असावी. "पहिला टप्पा चुकवला की पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द होतं. नियम आहे तो."

नियम म्हटला की सुदेशचा स्वर हळवा व्हायचा. तो कुणाचा, कशासाठी केलेला, हे तो विचारायचा नाही. नियम आपल्याला पाठ आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावर तो खूश असायचा.

नियमांची ही आवड त्याने घरातूनच उचलली होती. त्याची आई सरस्वतीबाई कुडाळला प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कान तीक्ष्ण, पंचांग तोंडपाठ. त्यांनी आतल्या खोलीतून विचारलं, "सोमवारी निघणार म्हणता?"

"हो आई."

"सोमवारी अमावास्या आहे."

झालं. विमान कंपनीच्या नियमावर आता आईचा नियम येऊन बसला. तारीख बदलायची तर मैल दुप्पट, आणि अमावास्येला बाळंतिणीकडे निघायचं तर सरस्वतीबाई उंबऱ्यात आडव्या पडल्या असत्या. पण त्या शिक्षिका होत्या, अडलेल्या मुलाला वाट दाखवायची सवय होती. "प्रस्थान ठेवा," त्या म्हणाल्या. "बुधवार चांगला आहे. ज्या दिशेला जायचं त्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी आपली एक बॅग नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवासाला बुधवारीच निघाल्यासारखं होतं. मग सोमवारी अमावास्या असो नाहीतर ग्रहण. फक्त ती बॅग निघेपर्यंत उघडायची नाही आणि परत घरी आणायची नाही."

सुदेशला ही युक्ती बेहद्द आवडली. निघायच्या आधीच निघाल्याची नोंद! विमान कंपनीतसुद्धा इतकी सोय नव्हती. दिशा पूर्वेची, म्हणून रसिकाची धाकटी बहीण सोनल, जी विठ्ठलवाडी स्टेशनजवळ राहायची, तिचं घर ठरलं. बॅगेत बाळंतविडा, लाडू, अळीव, रसिकाचे चार कपडे भरले.

"ज्याच्यावाचून प्रवास होणारच नाही, अशी एखादी वस्तू त्यात हवी," सरस्वतीबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी पुरुष आपलं उपरणं ठेवायचे."

"उपरण्यावाचून आजकाल काही अडत नाही," सुदेश म्हणाला, आणि मोठ्या ऐटीत दोघांचे पासपोर्ट बॅगेत ठेवून त्याने चेन ओढली. एकशे त्रेचाळीस वेळा विमानात बसलेल्या माणसाने हे केलं. बुधवारी सकाळी नऊच्या आत बॅग विठ्ठलवाडीला पोचली.

गुरुवारी दुपारी विमान कंपनीचा मेल आला.

'प्रिय सुदेश, आम्ही तुमच्यासाठी एका नव्या प्रवासाला निघालो आहोत,' अशी त्याची सुरुवात होती. पुढे दोन पानं आनंदीआनंद. बुकिंगची सगळी यंत्रणा नवी झाली. मैलांना आता पॉइंट म्हणायचं. तीन मैलांचा एक पॉइंट होणार होता, पण 'तुमच्या बचतीचं मूल्य तसंच राहील' असं आश्वासन होतं. सोनेरी कार्ड गेलं, त्याजागी 'आकाश' ही श्रेणी आली. सुदेश आकाश या शब्दावर पाच मिनिटं खूश होता. मग त्याने खाली स्क्रोल केलं तेव्हा आकाशाच्या वर आणखी चार श्रेण्या निघाल्या, आकाशाच्या खाली कुणीच नव्हतं.

हेही त्याने गिळलं असतं. पण शेवटच्या परिच्छेदात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जुन्या यंत्रणेतून कुटुंबीयांची नावं नव्या यंत्रणेत येऊ शकलेली नाहीत. ज्यांच्या नावे पॉइंटवर तिकीट काढलंय, त्यांनी आपला मूळ पासपोर्ट हातात धरून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर ओळख पटवावी. मुदत शुक्रवार संध्याकाळी सहा. नाहीतर तिकीट स्थगित आणि सगळे पॉइंट अठ्ठावीस दिवस गोठवले जातील. तुमच्या सुरक्षेसाठी.

"पासपोर्ट कुठे आहे?" सुदेशने विचारलं. विचारतानाच त्याला उत्तर आठवलं आणि तो खुर्चीत बसला.

"बॅग उघडायची नाही," आतल्या खोलीतून आवाज आला.

बिचारा दोन कायद्यांच्या मधे सापडला. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला जन्मदात्री, आणि आयुष्यभर त्याने दोघींपैकी कुणालाही उलट विचारलं नव्हतं. त्याने कस्टमर केअरला फोन लावला. सोनेरी लोकांसाठी वेगळा नंबर होता तो आता बंद होता. आकाशवाल्यांच्या नंबरवर बासरी वाजत होती. पाऊण तास बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली. तिने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, पासपोर्ट हरवलाय का?"

"हरवला नाही हो. विठ्ठलवाडीला आहे."

"मग सर, तिथून घेऊन या."

"आणता येत नाही. प्रस्थान ठेवलंय."

"एक मिनिट, सर," मुलगी म्हणाली. मग पुन्हा बासरी सुरू झाली.

त्याच संध्याकाळी ऋतिकाचा फोन आला. आवाज धीट ठेवायचा ती प्रयत्न करत होती, आणि आईला तो प्रयत्नच आधी ऐकू आला. ब्लडप्रेशर वाढलंय. डॉक्टर वीस तारखेपर्यंत थांबायला तयार नाहीत. शनिवारी सकाळी दाखल करून घेणार आणि कळा आणायचं औषध देणार. "आई, तुमचं मंगळवारचंच आहे ना?" तिने विचारलं. "चालेल गं. सुशांत आहे."

रसिकाने फोन ठेवला. "अहो, उद्याचं साधं तिकीट काढा," ती म्हणाली. "मला एकटीला पाठवा. माझ्या पगारातून काढा, पण काढा."

"अगं, असं तडकाफडकी काढायचं नसतं. आदल्या दिवशीचा भाव म्हणजे लूट असते. त्यांचा नियमच आहे, घाईतल्या माणसाला पिळायचं."

"मग पिळू देत. मी घाईत आहे."

"आणि हे पॉइंट? ती ओळख पटली नाही तर सगळे अडकतील. अकरा वर्षं, रसिका." त्याचा चेहरा खरंच उतरला होता. "आधी उद्या सहाच्या आत ते होऊ दे. एकदा पॉइंट सुटले की मी मंगळवारचं तिकीट बदलून शनिवारचं करतो. दोघं जाऊ. तू घाबरशील एकटी. कधी बसलेली नाहीस."

कधी बसलेली नाहीस, हे त्याने असं सांगितलं, जसं काही तो तिच्या प्रकृतीतलाच दोष होता. रसिकाच्या मनात संताप उसळला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन कुकर घासत बसली.

रात्री आई आणि मुलगा यांच्यात वाटाघाटी झाल्या. सरस्वतीबाईंनी थोडी माघार घेतली. बॅग उघडायची ती सोनलने, घरच्या माणसाने नाही. पासपोर्ट बाहेर काढायचा, कॅमेऱ्याला दाखवायचा आणि परत जिथल्या तिथे ठेवायचा. बॅग जागची हलवायची नाही. म्हणजे प्रस्थान मोडत नाही. सुदेशने हे मुद्दे कागदावर लिहून घेतले. शुक्रवारी त्याने रजा टाकली, लॅपटॉप उघडून तयारीत बसला आणि रसिकाला विठ्ठलवाडीला पाठवलं. "पोचलीस की फोन कर. लिंक मी इथून पाठवतो, ती दहाच मिनिटं चालते," तो म्हणाला.

साडेनऊला रसिका खाली उतरली. रिक्षास्टँडच्या आधी पोपट म्हात्रेचं ट्रॅव्हल ऑफिस लागायचं. पोपट मानपाड्याच्या मूळ गावातला, बापाच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या तेव्हा एका इमारतीखाली त्याने हा गाळा घेतलेला. सुदेश त्याला कायम हसायचा. एजंटकडून तिकीट काढणारा माणूस म्हणजे त्याच्या लेखी अंगठेबहाद्दर. गेली सात वर्षं रसिका त्या गाळ्यावरून रोज बसला जायची आणि आत कधी गेली नव्हती.

आज ती आत गेली.

"या वहिनी, बसा," पोपट म्हणाला. "साहेबांचे मैल संपले का काय?"

"पोपटभाऊ, मला आज सिंगापूरला जायचंय. व्हिसा झालाय. पोरीचं बाळंतपण आहे."

पोपटची थट्टा तिथेच थांबली. त्याने चष्मा लावला, की-बोर्डवर बोटं आपटली. "संध्याकाळचं साडेपाचचं हाय एक. सरळ जातंय. पन मधली शीट हाय वहिनी, मागच्या बाजूला. चालंल?"

"नागपूरवरून नाही ना जात?"

"नागपूर?" पोपटने मान वर केली. "नागपूरला कशाला जायाला पायजे?"

मोबाइलमधल्या व्हिसाच्या कागदावर पासपोर्टचा नंबर होता. परतीचं तिकीट तिसाव्या दिवसाचं काढलं, कारण व्हिसावर तेवढंच राहता येत होतं. तिने आपल्या कार्डाने पैसे दिले आणि पोपटने तिकिटाची प्रिंट घडी घालून तिच्या हातात ठेवली. या सगळ्याला अकरा मिनिटं लागली. रसिका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. तिला हसावं की रडावं कळेना, कारण हा गाळा सात वर्षं इथेच होता.

विठ्ठलवाडीला सोनल दारातच उभी होती. सुदेशने तिलाही सकाळी फोनवर मुद्दे वाचून दाखवले होते. "ताई, मी उघडायची ना बॅग? तुझे मिस्टर म्हणाले जागची हलवायची नाही."

"उघड," रसिका म्हणाली.

सोनलने चेन ओढली. रसिकाने दोन्ही पासपोर्ट काढले, आपला पर्समध्ये टाकला आणि दुसरा बहिणीच्या हातात दिला. "हा त्यांचा. घरी परत नेलास तरी चालेल. त्यांना कुठे जायचंय?" मग तिने बॅग उचलली.

"अगं, हलवायची नाही ना!"

"परत घरी न्यायची नाही, असं सासूबाई म्हणाल्या," रसिका म्हणाली. "मी कुठे घरी नेतेय?"

सोनलला उलगडलं, तिने फोनवरून विमानतळासाठी टॅक्सी बोलावली आणि बहिणीच्या पिशवीत चपातीभाजीचा डबा घातला. टॅक्सीत बसल्यावर रसिकाने पर्समधला पासपोर्ट दोनदा चाचपून बघितला. ठाण्याला कॉलेजचा फाटा आला तेव्हा एकदा वाटलं, उतरावं, ऑफिसात जाऊन आपल्या टेबलाशी बसावं. भीती खरी होती. विमानाची, इंग्रजीची, कुठल्या रांगेत उभं राहायचं याची, आणि नवऱ्याला न सांगता निघाल्याची तर सर्वांत जास्त. तरी तिने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं नाही.

दुपारभर सुदेशचे फोन येत होते. एकदा तिने उचलला आणि सांगितलं, "पासपोर्ट मिळाला." हे खोटं नव्हतं. "मग लिंक पाठवू?" "थांबा जरा, इथे गर्दी आहे." हेही खोटं नव्हतं, सुरक्षा तपासणीची रांग वाकडीतिकडी होत लांबवर गेली होती. विमानतळ म्हणजे काय अवघड असेल असं तिला अकरा वर्षं ऐकवलं गेलं होतं. प्रत्यक्षात जागोजागी पाट्या होत्या आणि विचारलं की लोक सांगत होते. त्यांच्या कॉलेजात प्रवेशाच्या दिवसांत याहून जास्त गोंधळ असायचा.

पाच वाजून दहा मिनिटांनी ती सीटवर बसली. तेव्हा पुन्हा फोन आला.

"अगं, पन्नास मिनिटं राहिली! कुठे आहेस तू? लिंक पाठवतो, पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धर!"

"अहो, मी विमानात आहे."



"कुठल्या विमानात?"

"सिंगापूरच्या. पोपटभाऊंनी काढून दिलं. उद्या सकाळी पोरीपाशी असेन. तुमचा पासपोर्ट सोनलकडे आहे. पोपटभाऊ म्हणाले, उद्याच्या विमानात दोन जागा आहेत. तुम्हीही निघा."

"आणि पॉइंट?" सुदेश म्हणाला. मग त्याला स्वतःलाच काहीतरी वाटलं असावं, कारण त्याने घाईघाईने विचारलं, "सीट कुठली दिलीन तुला?"

"मधली."

"बघ! मी असतो तर कडेची मिळवून दिली असती."

"तुम्ही असता तर मी नागपूरच्या गाडीची वाट बघत असते," रसिका म्हणाली आणि तिने फोन बंद केला, कारण हवाई सुंदरी दुसऱ्यांदा सांगायला आली होती.

शनिवारी सकाळी आठला ती हॉस्पिटलात पोचली. ऋतिकाने दारात आईला बघितलं आणि गुरुवार संध्याकाळपासून धरून ठेवलेला सगळा धीर सोडून ती लहान मुलीसारखी रडली. दुपारपर्यंत कळा चालल्या. रसिकाचा हात तिने इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली. तीन वाजता मुलगी झाली. सुशांतने बाहेर जाऊन आजोबांना फोन लावला.

सुदेश फोनवर रडला, हे खरंय. रसिकाशी बोलताना त्याचा आवाज फुटत होता. "दोघी सुखरूप ना? कुणासारखी आहे गं?" आणि मग नाक ओढत म्हणाला, "ऐक, बोर्डिंग पास टाकू नकोस हं. तुझ्या नावाचं खातं काढलं तर सहा महिन्यांत त्याचे पॉइंट मागता येतात."

"तुम्ही कधी येताय?" तिने विचारलं.

"येतोच. पॉइंट गोठलेत तेवढे सुटले की लगेच. अठ्ठावीस दिवसांचा प्रश्न आहे."

रसिकाला वाटलं, बारशाला तरी येईल. दर दोन दिवसांनी ती विचारायची, आणि तो सांगायचा की आता पैसे भरून तिकीट काढणं म्हणजे मूर्खपणा होईल, इतके दिवस थांबलो ते फुकट जातील. जितके दिवस थांबावं तितकं पुढे थांबणं त्याला भाग पडत होतं. बारशाच्या दिवशी सरस्वतीबाईंनी फोनवरून पाळणा म्हटला. मागे सुदेश टाळ्या वाजवताना दिसत होता, अधूनमधून स्क्रीन अडकायची आणि त्याचे हात अर्धवट उघडे राहायचे. नाव कादंबरी ठेवलं. पंधराव्या दिवशी नाळ पडली. पंचविसाव्या दिवशी बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवायला लागलं, आईच्या, बापाच्या, आजीच्या. रसिकाने विचारणं कधी थांबवलं, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी पॉइंट सुटले. यंत्रणेने जुनं तिकीट जिवंत केलं आणि पहिली मोकळी तारीख आपोआप देऊन टाकली. रविवार. दोघांची तिकिटं, बिझनेस क्लास, नागपूरमार्गे.

"अहो, रविवारी माझा तिसावा दिवस. मी त्या दिवशी परत येतेय," रसिका म्हणाली.

"माहीत आहे. पण दोघांचं एकच बुकिंग आहे. तुझं रद्द केलं तर माझंही रद्द होतं. तू फक्त येऊ नकोस, म्हणजे तुझं आपोआप बाद होईल आणि माझं राहील." तो जरा थांबला. "नियम आहे."

रविवारी चारच्या सुमारास रसिकाचं विमान मुंबईला उतरलं. या वेळी तिला सगळं ओळखीचं वाटलं. बॅग घेऊन ती बाहेर आली तेव्हा फोन वाजला. सुदेश दुपारीच नागपूरहून येऊन पोचला होता आणि आता वरच्या मजल्यावरून सिंगापूरच्या विमानात चढून बसला होता. दोघांच्या मधे एक छत होतं.

"बसलो बघ," तो म्हणाला. "काय सीट आहे, रसिका! पार पलंग होतो हिचा. आल्या आल्या गरम टॉवेल दिला, ज्यूस दिला. शेजारची तुझी. रिकामीच ठेवलीय त्यांनी." आणि मग त्याचा आवाज खाली गेला. "खिडकीची होती गं."

रसिका गर्दीत उभी राहिली. तिला वाटलं होतं, राग येईल. अकरा वर्षं जिच्यासाठी थांबली ती सीट शेवटी मिळाली होती, तिच्या नावाची होती, डोक्यावरच्या छतापलीकडे होती, आणि तिला ती नको होती. याचंच तिला फार वाईट वाटलं. एकटाच त्या दोन पलंगांमधे ज्यूसचा ग्लास धरून बसलेला नवरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याची कीव आली, आणि नवऱ्याची कीव येणं तिला रागावण्याहून अवघड गेलं.

"खिडकीत तुम्ही बसा," ती म्हणाली. "आणि उतरल्यावर आधी हात धुवा, मग बाळाला घ्या. ती तुम्हाला ओळखत नाही. रडली तर ऋतिकाकडे परत द्या."

पलीकडे कुणीतरी सुदेशला फोन बंद करायला सांगत होतं. रसिकाने आपलाही फोन पर्समध्ये टाकला आणि ठाण्याची बस कुठून सुटते ते विचारायला गेली.